वरची पट्टी मरियमबीची

"आवाज फार मोठा होतो. डोकं धरतं माझं. पण तोंडावर सांगणार कोण? इतक्या मनापासून करतात, वाईट वाटेल ना."

हे पुटपुटणं लिफ्टमध्ये झालं, आणि त्या वेळी लिफ्टमध्ये डबल बेडची एक गादी उभी होती. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या त्या बिल्डिंगमध्ये दर आठवड्याला कोणी ना कोणी खोली बदलतं, त्यामुळे लिफ्टमधून माणसांपेक्षा गाद्याच जास्त फिरतात. गादीच्या एका बाजूला सुमैय्या मोबाइल कानाला लावून उभी होती. दुसऱ्या बाजूला, गादी आणि भिंत यांच्या मधोमध, कोथिंबिरीची पिशवी छातीशी धरून मरियमबी उभी होती. दोघी एकमेकींना दिसत नव्हत्या. पण मरियमबीचे कान शाबूत होते.

दुसऱ्या मजल्यावर सुमैय्या उतरली. तिसऱ्यावर गादी उतरली. मरियमबीचं घरही तिसऱ्यावरच, पण ती जागची हलली नाही आणि लिफ्ट तिला घेऊन पुन्हा तळाशी गेली.

आवाज मोठा होतो म्हणे! कोणाचा? आंबेखाडीच्या जमातीत सध्या एकाच आवाजाची चर्चा होती, आणि तो तिचा होता.

रायगडातल्या खाडीकाठची आमची गावं जितकी लहान, तितकी त्यांची दुबईतली जमात मोठी. आंबेखाडीत आज साडेतीनशे माणसं राहतात आणि दुबई-शारजा-अबुधाबी मिळून चारशे. वर्षातून एकदा हे चारशे एखाद्या हॉलमध्ये जमतात, बिर्याणी खातात, कोणाचा मुलगा काय शिकतो ते विचारतात आणि गावासाठी एखादं काम ठरवतात. यंदा काम होतं गाडीचं. दहावीनंतर गावातल्या मुलींना कॉलेजला तालुक्याला जावं लागतं, आणि एस.टी. खाडीच्या पलीकडून पहाटे पावणेसहाला सुटते. म्हणजे कॉलेजला जायचं तर आधी होडी. म्हणून मुली घरी बसतात. त्यांच्यासाठी जमातीने खाडीला रस्त्याने वळसा घालून थेट तालुक्याला नेणारी एक व्हॅन घ्यायची, आणि लोकांनी मनावर घ्यावं म्हणून मेळाव्यात दहा मिनिटांची फिल्म दाखवायची.

"मी करते," मरियमबीने कमिटीत जाहीर केलं होतं. "फिल्म माझी, लिखाण माझं, आवाज माझा. तीन आठवड्यांत देते. बाहेरचं कोणी लागणार नाही."

चेअरमन वासिफभाई अबुधाबीच्या खलिफा सिटीतल्या आपल्या व्हिलातून फोनवर मीटिंगला हजर होते. ते म्हणाले, "माशाल्ला." त्यापुढे काही म्हणाले नाहीत. वासिफभाईंनी नुसतं माशाल्ला म्हणावं आणि थांबावं, हे चांगलं लक्षण नव्हतं. पण मरियमबीच्या ते ध्यानात आलं नाही, कारण ती मनातल्या मनात पहिलं वाक्य लिहायला लागली होती.

तिला अनुभव नव्हता असं नाही. तीन वर्षांपूर्वी मुलीचा, सबाचा, जुना लॅपटॉप तिच्या वाट्याला आला, आणि तेव्हापासून ती सांदणं आणि खाडीच्या कालवांचे व्हिडिओ करून टाकायची. चारशे बारा लोक बघायचे. त्यातले तीनशे नातेवाईक होते हे खरं, पण उरलेले एकशे बारा तर अनोळखी होते ना? सगळं स्वतःच शिकलेली. शाळा नववीतच सुटली होती. तिच्या वेळी तर आठवी-नववीलासुद्धा होडीच लागायची, आणि एका पावसाळ्यात होडी उलटता उलटता राहिली तसं अब्बांनी दप्तर माळ्यावर टाकलं. फिल्ममध्ये हे सगळं तिने एकाच वाक्यात बसवलं होतं. पण त्या एका वाक्यासाठी ती पूर्ण फिल्म करत होती, हे सबालाही ठाऊक होतं.

सॉफ्टवेअर फुकटातलं होतं. पडद्यावर वरची पट्टी बोलण्याची आणि खालची म्युझिकची. बोलणं तिने बेडरूमच्या कपाटात बसून रेकॉर्ड केलं, अबाया आणि ब्लँकेटांच्या मध्ये, ए.सी. बंद करून; कारण यूट्यूबवर शिकवणारा एक मुलगा म्हणाला होता की कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही. महिना सप्टेंबर. दहा मिनिटांच्या बोलण्यात तिचे तीन दुपट्टे घामाने भिजले. म्युझिकसाठी डफ निवडला. गावच्या लग्नात वाजतो, कानाला ओळखीचा आणि जमातीतल्या कोणत्याही बुजुर्गाने त्याला नाक मुरडलेलं नाही.

तोच यूट्यूबवाला मुलगा सांगायचा, बोलणं मायनस सहावर ठेवा, म्युझिक मायनस चोवीसवर.

"आवाज आहे तर मायनस कसा?" मरियमबी म्हणाली. "बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि हा शून्याच्या खाली चोवीस. कुठल्या देशात राहतो हा मुलगा?"

"मम्मा, झिरो इज द मॅक्स," सबा मोबाइलमधून मान न काढता म्हणाली. "अबव्ह दॅट इट क्रॅक्स."

"शून्य म्हणजे सगळ्यात जास्त?"

"येस."

"मग तुला गणितात मिळायचे ते जास्तच होते म्हणायचे."

आता युसुफबद्दल सांगायला हवं. युसुफ म्हणजे मरियमबीचा नवरा. अल क्वोजमध्ये ॲल्युमिनियमच्या खिडक्या-दारांच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. सव्वीस वर्षं तो पट्ट्या कापणाऱ्या करवतीशेजारी उभा राहिला होता, आणि त्या करवतीने पट्ट्यांबरोबर त्याचे कानही थोडे थोडे कापून नेले होते. घरातला टीव्ही खालच्या पार्किंगमध्ये ऐकू यायचा. सबा अब्बांना शेजारच्या खोलीतून व्हॉट्सॲप करायची. मरियमबीचा आवाज तर इतक्या वर्षांत आपोआप इतका चढला होता की पलीकडच्या बिल्डिंगमधल्या बायका तिच्याकडे काय शिजतंय ते ऐकून आपला बेत ठरवायच्या. पण हे असं का, हे त्या घरात कोणी कधी बोललेलं नव्हतं. ना तिने, ना सबाने, ना त्याने.

युसुफने तर त्यावर फार सुंदर तोड काढली होती. कोणी काहीही विचारलं की तो हसून म्हणायचा, "इन्शाल्ला." चहा घेणार? इन्शाल्ला. सबाचं लग्न कधी? इन्शाल्ला. शुक्रवारी लवकर सुट्टी आहे का? इन्शाल्ला. दुबईत याइतकं चपखल बसणारं उत्तर दुसरं नाही. गेल्या सात वर्षांत फक्त एकदा फसलं, नव्या वॉचमनने फ्लॅट नंबर विचारला तेव्हा.

आणि हाच युसुफ गेली एकोणीस वर्षं जमातीचा साउंडवाला होता. दोन स्पीकर, एक मिक्सर, एक माइक आणि वायरी, सगळं एका जुन्या सुटकेसमध्ये. मेळाव्याच्या आदल्या दिवशी तो वायर न् वायर फडक्याने पुसायचा. नवऱ्याचं कानांचं बाहेर कोणालाच माहीत नाही, अशी मरियमबीची खात्री होती. मेळाव्याला येताना बायका पर्समध्ये कापूस आणायच्या, पुरुषही टोपी कानांवर ओढून घ्यायचे. मरियमबीला वाटायचं, हॉलचा ए.सी. फार थंड असतो.

तर फिल्मचा समतोल बरोबर आहे का हे बघायला तिने घरातलाच माणूस घेतला. सोफ्यावर युसुफ, टेबलावर लॅपटॉप, आणि मरियमबी माउसवर हात ठेवून तयार.

फिल्म लावली. तो तन्मयतेने मान हलवत होता.

"कसं वाटतंय?" तिने त्याच्या गुडघ्याला हात लावून विचारलं.

"डफ एक नंबर."

"आणि मी?"

"तू पण बोलणार आहेस का यात?"

मरियमबीने डफ खाली केला आणि स्वतःला वर केलं. पुन्हा लावली. "आता?"

"आता कोणीतरी बोलतंय. शेजारी असतील."

ती आणखी वर गेली. पट्टीच्या बाजूचा हिरवा दिवा पिवळा झाला. "आता?"

"हां, आता बाई आली. पण भिंतीआडून बोलतेय."

ती आणखी वर गेली. दिवा लाल झाला. सबा आतल्या खोलीतून धावत आली, दोन्ही हात कानांवर. "मम्मा, इट्स क्रॅकिंग! लाल आहे बघ."

"लाल दिवा सिग्नलवर पण असतो. आपण थांबतो, घाबरून गाव सोडत नाही."

"आता येतंय," युसुफ समाधानाने म्हणाला. "छान बोलतेस तू, मरियम. अगदी समोर बसून सांगितल्यासारखं."

सबाने कानांवरचे हात काढले. मग हळू म्हणाली, "मम्मा, यू आर मिक्सिंग इट फॉर अब्बा."

"कोथिंबीर निवडायची आहे, जा," मरियमबी म्हणाली.

ती फिल्म तिने कमिटीला पाठवली. दोन दिवस कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी ती लिफ्ट आणि ती गादी.

शनिवारी दुपारी तहा आणि सुमैय्या घरी आले. तहा जमातीचा सेक्रेटरी, सुमैय्या त्याची बायको. त्यांना खरं तर वासिफभाईंनी पाठवलं होतं, आणि ज्यासाठी पाठवलं होतं ते काम युसुफचं होतं: यंदा स्पीकर तुम्ही आणू नका, हॉलचा साउंडवाला घेऊ, एवढंच सांगायचं. म्हणून त्यांनी नानकटाईचा मोठा डबा आणला होता. डबा जितका मोठा, तितकं सांगायचं अवघड.

"भाभी, फिल्म बघितली," तहा म्हणाला. "फर्स्ट क्लास आहे. माझी अम्मी रडली."

"पण?"

"पण काही नाही. फक्त तो आवाजाचा थोडा विषय होता."

मरियमबीने चहाचा ट्रे जरा जोरात ठेवला. "बोला."

तहाने युसुफकडे बघितलं. युसुफने त्याच्याकडे बघून हसून मान डोलावली. "इन्शाल्ला," तो म्हणाला.

तहाचं अवसान तिथेच गळालं. मग सुमैय्या पुढे सरली. "म्हणजे कसं असतं ना भाभी, वय होतं. सगळ्यांचंच होतं. त्यात कोणाची चूक नसते."

"माझं वय एक्कावन्न आहे."

"तुमचं नाही हो..."

"मग कोणाचं?"

सुमैय्याने चहाचा मोठा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली. युसुफ आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होता. त्याच्या समोर त्याचंच नाव कसं घ्यायचं?

"हॉलवाल्यांचा एक माणूस आहे," तहा घाईघाईने म्हणाला. "प्रोफेशनल. पाचशे दिरहम घेतो, म्हणजे बारा हजार रुपये झाले, पण वासिफभाई म्हणतात जमात देईल. आवाजाचं सगळं तोच बघेल. तुमच्या घराला त्रास नको. एकोणीस वर्षं... म्हणजे पुष्कळ झालं आता."

मरियमबीने यातलं एकोणीस ऐकलंच नाही. तिला ऐकू आला तो फक्त प्रोफेशनल. म्हणजे तिच्या जागी कोणीतरी पुरुष बोलणार, एफ.एम. रेडिओवर बोलतात तसा गळ्यात मध घालून. मुलींच्या होडीबद्दल तो काय सांगणार? तो कधी भिजलेलं दप्तर चुलीवर वाळवून शाळेत गेला होता?

"तहाभाई, ऐका," ती म्हणाली. "लग्नात बाई ओरडून जेवायला बोलावते तेव्हा तिचा आवाज चालतो. मय्यतीला रडते तेव्हा चालतो. मेळाव्यात बोलायचं म्हटलं की तो एकदम मोठा होतो? असेल मोठा. होऊ दे. एक घर चालवलंय मी या आवाजावर. तो कमी होणार नाही. वासिफभाईंना सांगा, खलास."

"भाभी, तुमचा गैरसमज..."

"नानकटाई घ्या."

ते गेल्यावर युसुफ म्हणाला, "काय म्हणत होते?"

"काही नाही. फिल्म आवडली म्हणत होते."

"मला वाटलंच. डफच तसा आहे."

मरियमबी त्याच्याकडे बघत राहिली. नानकटाईचा चुरा त्याच्या दाढीत अडकला होता. तो झटकून ती लॅपटॉपपाशी गेली आणि वरची पट्टी आणखी दोन घरं वर सरकवली.

त्यानंतरच्या आठवड्यात जमातीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वासिफभाईंनी हिंदीत लिहिलं, 'इस साल साउंड के बारे में सब मिलकर कुछ सोचें तो बेहतर है.' त्यावर त्रेचाळीस जणांनी अंगठा दाखवला. मरियमबीने एक एक अंगठा उघडून कोणाचा आहे ते पाहिलं. सख्खी नणंद होती. ज्यांच्या घरची बाळंतपणं हिने जागून केली तेही होते. ठीक आहे. पट्टी आणखी एक घर वर.

मेळाव्याच्या सकाळी सबाने तिच्या हातात एक पेन ड्राइव्ह ठेवला. "मम्मा, यात मी नीट केलंय. युअर व्हॉइस, माझं बॅलन्सिंग. तू पण ऐकू येतेस, डफ पण. प्लीज यूज धिस वन."

"यात माझा आवाज कमी केलास?"

"थोडा. जस्ट नॉर्मल."

"नॉर्मल म्हणजे कोणाचा?" मरियमबीने पेन ड्राइव्ह तिच्या मुठीत परत कोंबला. "माझ्या मुलीने पण अंगठाच दाखवला म्हणायचा."

सबाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मरियमबीला ते दिसलं. पण माणूस एकदा हट्टाला पेटला की त्याला उतरायला जिना सापडत नाही.

हॉल दुबईच्या करामा भागातल्या एका रेस्टॉरंटच्या वर होता. खरं तर तो एकच मोठा हॉल, मधोमध घडीची भिंत ओढून त्याचे दोन केलेले. अलीकडे आंबेखाडीची जमात, पलीकडे वसईच्या कोणा अल्बर्ट आणि इसाबेलच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून जेवण. युसुफने सुटकेस उघडली, स्पीकर मांडले, माइकवर फुंकर मारून पाहिली. त्या एका फुंकरीने पलीकडच्या केकवरची मेणबत्ती विझली असं नंतर सांगतात. ती अतिशयोक्ती असेल. वासिफभाई अबुधाबीहून आले, युसुफला मिठी मारली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि "खूप मेहनत घेता तुम्ही" एवढंच बोलून पुढच्या रांगेत जाऊन बसले. बायकांच्या पर्स उघडल्या. कापूस निघाला.

आणि फिल्म सुरू झाली.

"अस्सलामु अलैकुम," मरियमबी स्पीकरमधून म्हणाली.

तो सलाम नव्हता, हुकूम होता. पहिल्या चार रांगा खुर्चीसकट मागे सरकल्या. टेबलावरच्या जगमधलं सरबत थरथरायला लागलं. आवाज इतका वर खेचला होता की त्याच्याबरोबर कपाटात जे जे होतं ते सगळं वर आलं. तिचा श्वास भरतीच्या लाटेसारखा येत होता. बांगडी वाजली ती लोखंडी गेट पडल्यासारखी. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या कुकरने रेकॉर्डिंगच्या वेळी एक शिट्टी मारली होती, ती आता जेबेल अली बंदराला जहाज लागल्यासारखी घुमली. बिचारा डफ कुठेतरी मागे, गर्दीत पाकीट हरवलेल्या माणसासारखा चाचपडत होता. एका बाईच्या कडेवरचं मूल रडत होतं, म्हणजे त्याचं तोंड उघडं दिसत होतं. वासिफभाईंचंही तोंड उघडं होतं. दोघांचाही आवाज येत नव्हता.

लोकांनी हात कानांवर नेले.

आता युसुफच्या जागी उभं राहून बघा. तो मिक्सरवर बोट ठेवून, एकोणीस वर्षांच्या जबाबदारीने, लोकांकडे बघत होता. आणि त्याला दिसलं काय? हॉलभर माणसं कानांपाशी हात नेऊन त्याच्याकडे कळवळून बघतायत. कानाला हात म्हणजे काय? ऐकू येत नाही! त्याने अंगठा दाखवून सगळ्यांना धीर दिला आणि आवाज वाढवला.

लोकांनी हात आणखी घट्ट दाबले. त्याने आणखी वाढवला.

मरियमबी पहिल्या रांगेत होती. पहिली दोन मिनिटं ती अभिमानाने बसली होती. तिसऱ्या मिनिटाला तिला स्वतःचीच भीती वाटायला लागली. पण तिने मान वळवली नाही. असू दे. इतकी वर्षं आमच्या मुली इतक्या हळू बोलल्या की खाडी ओलांडून कोणाला ऐकू गेलं नाही. आज जाऊ दे वसईपर्यंत.

आणि गेलंच. "मी नववीत होते," स्पीकरमधली मरियमबी गरजली, "आणि मला दहावीत जायचं होतं." पडद्यावर खाडी, होडी, काठावर उभ्या दप्तरवाल्या मुली. आणि शेवटचं वाक्य, जे तिने कपाटात घाम पुसत सात वेळा रेकॉर्ड केलं होतं: "बसून काय बघता? उठा."

त्याच क्षणी एका स्पीकरने फट् आवाज केला, दुसऱ्यातून धुराची बारीक रेघ निघाली आणि सगळं शांत झालं.

त्या शांततेत घडीच्या भिंतीपलीकडून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. एक नाही, दोन नाही, शंभरेक खुर्च्या. मग भिंतीची एक घडी बाजूला झाली आणि कॉलरमध्ये नॅपकिन खोवलेला एक गृहस्थ आत डोकावला.

"मी अल्बर्ट," तो म्हणाला. "आत्ता कोण बाई बोलत होत्या?"

मरियमबी उभी राहिली. "मी."

"आमच्याकडे फादर जेवणाआधीची प्रार्थना म्हणत होते, बाई. तुम्ही उठा म्हणालात, सगळे उठले. फादर पण उठले." त्याने मागे वळून बघितलं. "आता बसायचं की उभंच राहायचं, ते विचारायला पाठवलंय. आणि इसाबेल विचारतेय, त्या मुलींच्या गाडीचं ठरलं का? ती टीचर आहे ना, ती रडतेय तिथे."

"बसा," मरियमबी म्हणाली. "ठरतंय म्हणावं. शुक्रिया."

अल्बर्टने घडी पुन्हा लावून घेतली, आणि वासिफभाई उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी धूर सोडणाऱ्या स्पीकरकडे पाहिलं, मग युसुफकडे पाहिलं, आणि जे बोलायला हवं होतं ते याही वर्षी त्यांच्या घशातच राहिलं. मग ते वळले. समोर मरियमबी होती. तिच्यावर बोलणं सोपं होतं.

"मरियमभाभी, काम छान आहे तुमचं, पण हे बघा काय झालं. आज हॉलवाल्याची, पलीकडच्यांची, सगळ्यांची माफी मागायला लागणार. मी कमिटीतर्फे सांगतो, पुढच्या वर्षीपासून लेडीज आवाज नको. आवाज प्रोफेशनल माणसाचा राहील. जमातीचा फैसला समजा."

"वासिफभाई, त्यांचा आवाज नाही हो तो," सुमैय्या मागून रडवेल्या स्वरात म्हणाली. "त्यांचा कधीच नव्हता. तो तर..." आणि तिची नजर मिक्सरकडे गेली, आणि ती गप्प झाली.

मरियमबीने तिची नजर कुठे गेली ते पाहिलं. मग तहाची पाहिली, नणंदेची पाहिली. सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी जाऊन, पोळल्यासारख्या परत येत होत्या. लिफ्टमधलं पुटपुटणं, नानकटाईचा डबा, त्रेचाळीस अंगठे: तीन आठवडे ती ज्यांच्याशी भांडत होती, त्यांच्यापैकी एकही तिच्याशी भांडत नव्हता. सगळ्यांना सगळं माहीत होतं. बहुतेक पुष्कळ वर्षांपासून.

आता तिने एक वाक्य बोलायचा अवकाश होता. फक्त एक, आणि तिचा आवाज तिचा तिला परत मिळाला असता. पुढच्या वर्षीचा, त्याच्या पुढच्या वर्षीचा. ती मिक्सरकडे वळली. युसुफ वाकून जळलेली वायर फडक्याने पुसत होता.

"बरोबर आहे," ती वासिफभाईंना म्हणाली. "माझाच आवाज मोठा आहे. आधीपासूनच आहे. चूक माझी."

सबा मागून पुढे आली आणि आईच्या दंडाला धरून उभी राहिली.

युसुफने मान वर केली होती. करवतीशेजारी सव्वीस वर्षं काढलेला माणूस ओठ वाचायला शिकतो, आणि बायकोचे ओठ तर त्याला पाठच होते. त्याने फडकं खाली ठेवलं. वायरींवरून पाय उचलत तो पुढच्या रांगेपर्यंत आला आणि मरियमबीच्या शेजारी, वासिफभाईंच्या समोर उभा राहिला.

"आवाज तिचा बरोबर होता," तो म्हणाला. "मी वाढवायला लावला. घरी पण, इथे पण." मग त्याने खाली बघितलं, आणि पुढचं तो इतक्या हळू बोलला की इतक्या हळू बोलता येतं हे तो बहुधा विसरलाच होता. फक्त मरियमबीला ऐकू गेलं.

वासिफभाईंच्या कानांत अजून कुकरची शिट्टी वाजत होती. ते पुढे वाकले. "काय म्हणालात, युसुफभाई? जरा मोठ्याने बोला. काही कळलं नाही."

युसुफने त्यांच्या ओठांकडे बघितलं. मग मरियमबीकडे बघितलं. तिने मान हलवून, बोल, अशी खूण केली.

"मला ऐकू येत नाही," तो दोन्ही हॉलना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला.